कन्फेशनल कविता आणि कवीचं आयुष्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कवितेबद्दल लिहायला लागल्यापासून वाचकांचे प्रश्न येत राहतात. त्यातही लॉवेल, प्लाथ, सेक्स्टन या अमेरिकन कवींबद्दल लिहिलं की हमखास येतात, आणि बरेचसे तेच तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. कन्फेशनल कविता म्हणजे नेमकं काय? 'मी' आला की कविता कन्फेशनल होते का?

नाही. भावकवितेत 'मी' पहिल्यापासून आहे. पण तो बहुतेक वेळा कुणीही असू शकतो : प्रेमात पडलेला, वाट पाहणारा, थकलेला. कन्फेशनल कवितेतल्या 'मी'ला नावगाव असतं. त्याला ठरावीक आईवडील असतात, मोडलेलं लग्न असतं, मनोरुग्णालयातला वॉर्ड असतो, आणि चारचौघांत ज्याबद्दल बोलायचं नाही असं घरात बजावलेलं असतं, नेमकं तेच तो बोलतो.

१९५९ मध्ये अमेरिकन कवी रॉबर्ट लॉवेलचा 'लाइफ स्टडीज' हा संग्रह प्रसिद्ध झाला. एम. एल. रोझेंथल या समीक्षकाने 'द नेशन' साप्ताहिकात त्याचं परीक्षण लिहिलं आणि शीर्षक दिलं 'पोएट्री अ‍ॅज कन्फेशन'. तिथून हे नाव चिकटलं. लॉवेलसोबत डब्ल्यू. डी. स्नॉडग्रास, अ‍ॅन सेक्स्टन, सिल्व्हिया प्लाथ आणि जॉन बेरीमन ही नावं नेहमी घेतली जातात. यांनी मिळून कुठला जाहीरनामा काढला नव्हता. स्नॉडग्रासला हे लेबल आवडत नसे, आणि बेरीमनला तर त्याचा संताप यायचा.

२. याला मराठीत काय म्हणायचं? 'कबुलीजबाब' बरोबर वाटत नाही.

मलाही वाटत नाही. 'कबुलीजबाब' म्हटलं की पोलीस चौकी डोळ्यांपुढे येते : गुन्हा, दरडावणी, खाली सही. 'आत्मनिवेदन' हा शब्द सुंदर आहे, पण तो नवविधा भक्तीतला नववा प्रकार. त्यात स्वतःला देवाच्या हवाली करणं आहे, आणि या कवितेत समोर देव असेलच असं नाही. मूळ इंग्रजी शब्दात पाद्र्यापुढे पाप सांगण्याचा अर्थ आहे. लाज आणि ऐकणारा माणूस, या दोन्ही गोष्टी त्यात एकदम येतात. ती जोडी मला मराठीत एका शब्दात मिळालेली नाही, म्हणून मी 'कन्फेशनल' असंच लिहिते.

३. ही कविता नेमकी तेव्हाच का आली?

त्याआधीची तीसेक वर्षं उलट शिकवण होती. टी. एस. एलियटने १९१९ मधल्या निबंधात कविता म्हणजे भावनांना मोकळं सोडणं नव्हे, तर भावनांपासून सुटका, असं मांडलं होतं. विद्यापीठांत कवीचं चरित्र बाजूला ठेवून फक्त मजकूर वाचायला शिकवत. लॉवेल याच तालमीत तयार झालेला. त्याच्या सुरुवातीच्या कविता घट्ट, प्रतीकांनी भरलेल्या आहेत. १९५७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर जाहीर वाचन करताना आपल्याच ओळी त्याला जड वाटू लागल्या आणि तो वाचता वाचता त्या सोप्या करू लागला. दुसरीकडे त्याचाच विद्यार्थी स्नॉडग्रास घटस्फोटानंतर दुरावलेल्या मुलीवर कविता लिहीत होता. पुढे १९५९ मध्ये बॉस्टन विद्यापीठातल्या लॉवेलच्या वर्गात प्लाथ आणि सेक्स्टन दोघीही बसत. मनोविश्लेषण तेव्हा शिकल्यासवरल्या अमेरिकन घरांत पोचलेलं होतंच. बालपण, बाप, स्वप्न यांबद्दल बोलायची भाषा तयार होती.

४. आधी चरित्र वाचू की आधी कविता?

आधी कविता. निदान दोनदा, त्यातलं एकदा मोठ्याने. मग चरित्र.

उलट केलं की काय होतं ते मी वाचकांच्या पत्रांतून पाहते. प्लाथचा शेवट, म्हणजे तिची आत्महत्या, माहीत झाला की तिची प्रत्येक ओळ त्या शेवटाकडे बोट दाखवते आहे असं वाटायला लागतं. मग बाळाला उद्देशून लिहिलेल्या तिच्या हसऱ्या, खेळकर कविता दिसतच नाहीत. आणि त्या आहेत, भरपूर आहेत.

५. कवितेत लिहिलंय ते खरंच घडलेलं असतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्लाथची 'डॅडी' ही कविता १२ ऑक्टोबर १९६२ ची. तिच्यातली मुलगी बापाला सांगते की तुला पुरलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. प्रत्यक्षात प्लाथचे वडील ओटो प्लाथ नोव्हेंबर १९४० मध्ये मधुमेहातल्या गुंतागुंतीने गेले, तेव्हा तिला आठवं पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. बाप जाण्याचं वय कुणी विसरत नाही. मग 'आठ'चे 'दहा' का झाले?

पुढे वाचा. त्याच कवितेत मुलगी म्हणते की विसाव्या वर्षी मी मरू पाहिलं. त्याच महिन्यात लिहिलेल्या 'लेडी लॅझरस'मध्ये दर दहा वर्षांनी एकदा मरणाशी गाठ पडते, आणि बोलणारी तीस वर्षांची आहे. दहा, वीस, तीस. तिला मंत्रासारखं मोजत जाणारं आयुष्य हवं होतं, आणि 'आठ' त्या मोजणीत बसत नव्हते. मला विचाराल तर कवितेचं काम या दोन वर्षांच्या फरकातच सुरू होतं.

याच कवितेतला बाप नाझी आहे. ओटो प्लाथ नाझी नव्हते. ते तरुणपणीच अमेरिकेत आलेले जर्मन, बॉस्टन विद्यापीठात जीवशास्त्र शिकवणारे, भुंग्यांसारख्या बंबलबी माश्यांचे अभ्यासक. बीबीसीसाठी कविता वाचताना प्लाथने प्रस्तावनेत सांगितलं की ही कविता बोलणारी मुलगी आहे, बाप देव वाटत असतानाच तो तिला सोडून गेला. 'मी' असं ती म्हणाली नाही.

दुसरं उदाहरण सेक्स्टनचं. तिच्या एका कवितेत अविवाहित आई प्रसूतिगृहात आपल्या नवजात बाळाचा निरोप घेते, बाळ दुसऱ्यांना द्यायचं आहे. सेक्स्टन विवाहित होती आणि तिने कुठलंही मूल असं दिलं नव्हतं. पण तिच्या मानसिक आजारपणात धाकटी मुलगी दीर्घकाळ आजीकडे राहिली होती. म्हणजे प्रसंग रचलेला, आणि मूल हातातून सुटण्याची भीती स्वतःची.

६. मग ही वाचकाची फसवणूक नाही का?

कवीने 'हे जसंच्या तसं घडलं' असा शब्द दिला असेल तर फसवणूक. कवितेने तो शब्द कधीच दिलेला नसतो. आत्मचरित्राने मात्र दिलेला असतो, म्हणून तिथे मी तारीख तपासते.

तरी एक आक्षेप मला रास्त वाटतो. स्वतःच्या घरातल्या दुःखासाठी प्लाथने ज्यूंच्या छळछावण्यांची प्रतिमा घ्यावी का, यावर वाचक अजून भांडतात. लाखो माणसांचं मरण एका मुलीच्या रागासाठी उसनं घेता येतं का? 'डॅडी' मला थोर कविता वाटते, आणि त्या ओळींशी आल्यावर दर वेळी मी अडखळते. कवितेचा थोरपणा सांगून ते अडखळणं मिटवता येणार नाही.

७. आयुष्यातला प्रसंग कवितेत येतो तेव्हा त्याचं नेमकं काय होतं?

'लाइफ स्टडीज'मधली शेवटची कविता घ्या, 'स्कंक आवर'. स्कंक म्हणजे अंगाला घाण वास असलेला एक अमेरिकन रानटी प्राणी. सहा सहा ओळींची आठ कडवी. पहिल्या चारांत कवी नाहीच. किनाऱ्यावरचं गाव आहे, तिथली म्हातारी श्रीमंत बाई आहे, उन्हाळ्यापुरता येणारा लक्षाधीश आहे, दुकान सजवणारा आहे. सगळं थोडं थोडं कुजत चाललेलं. पाचव्या कडव्यात काळोखी रात्र येते, लॉवेल गाडी घेऊन टेकडीवर जातो, गाड्यांत बसलेली प्रेमी जोडपी चोरून पाहतो, आणि मग ती उघडीवाघडी ओळ येते : माझं डोकं ठिकाणावर नाही. ही ओळ पहिल्या कडव्यात आली असती तर आपण मान हलवून पुढे गेलो असतो. चार कडवी गाव पाहिल्यावर ती येते, तेव्हा तो आजार फक्त एका माणसाचा राहत नाही. शेवटी कचऱ्याच्या डब्यातलं आंबट क्रीम चाटणारी स्कंकची मादी पिल्लांसकट उभी राहते आणि कुणाला घाबरून पळत नाही. एवढ्यावर कविता संपते. बरं वाटलं की नाही, लॉवेल सांगत नाही.

स्नॉडग्रासने वेगळं केलं. 'हार्ट्स नीडल' ही दहा कवितांची मालिका एकुलत्या मुलीच्या दुराव्याची आहे. नाव एका जुन्या आयरिश कथेतून घेतलं आहे, त्यात एकुलती मुलगी म्हणजे काळजातली सुई असं म्हटलंय. इतकं वैयक्तिक दुःख, आणि कडवी मात्र मोजूनमापून बांधलेली, यमकं जागच्या जागी. ठरलेल्या दिवशीच मुलीला भेटायची मुभा असलेला बाप जसा वागतो, तशीच ती कविता वागते : नीट, सावरून, हात न थरथरू देता. १९६० चं पुलित्झर पारितोषिक याच नावाच्या संग्रहाला मिळालं.

८. मन हलकं करायला लिहिलं तर ती कन्फेशनल कविता झाली का?

सुरुवात तिथून होऊ शकते. १९५६ मध्ये मानसिक आजारात असताना डॉक्टरांनी सुचवलं म्हणून सेक्स्टन कविता लिहायला लागली. पण ती तिथे थांबली नाही. १९५७ पासून ती जॉन होम्सच्या कार्यशाळेत जाऊ लागली, मैत्रीण मॅक्सिन क्युमिनशी फोनवर ओळ न् ओळ तासत बसू लागली. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, तिला पुलित्झर मिळालं.

डायरीतलं पान लिहिणाऱ्याला मोकळं करतं. त्या पानाला वाचकाची गरज नसते, आणि त्यात कमीपणाही नाही. प्लाथने ऑक्टोबर १९६२ मधल्या एका मुलाखतीत स्पष्ट सांगितलं होतं की नुसता काळजातून निघालेला आक्रोश मला पटत नाही, अगदी भयंकर अनुभवही माणसाला ताब्यात ठेवून वापरता आला पाहिजे. 'डॅडी' लिहून तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते.

९. दुःख किंवा आजारपण भोगल्याशिवाय अशी कविता लिहिता येत नाही का?

हा प्रश्न बऱ्याचदा तरुण मुलामुलींकडून येतो, म्हणून सरळ उत्तर देते. आजारपणाने कविता लिहिली नाही. आजारपणातून जेवढी ताकद शिल्लक राहिली, तिने लिहिली. लॉवेलला तीव्र उन्मादाचे झटके यायचे. तेव्हा तो भराभर लिहायचा, पण कामाची कविता बरं झाल्यावर, पुन्हा पुन्हा दुरुस्त करताना व्हायची. १९६७ पासून तो लिथियम घेऊ लागला आणि त्यानंतरही मरेपर्यंत दहा वर्षं लिहीत होता. औषधाने कविता आटेल या भीतीने कुणी गोळ्या थांबवत असेल तर कृपा करून थांबवू नका, डॉक्टरांशी बोला.

प्लाथ 'एरियल' या संग्रहातल्या कविता पहाटे चारच्या सुमाराला, मुलं उठायच्या आत लिहायची. तिची ही शिस्त फार थोड्या वाचकांच्या लक्षात राहते.

१०. 'हा मी नाही' असं कवीच सांगत असेल तर?

बेरीमनच्या 'ड्रीम साँग्ज'मध्ये हेन्री नावाचा माणूस आहे. कवीने टिपणच देऊन ठेवलंय : हेन्री काल्पनिक आहे, तो कवी नव्हे, मी नव्हे. तो स्वतःबद्दल कधी 'मी', कधी 'तो', कधी 'तू' म्हणून बोलतो. पण हेन्रीच्या बापाने आत्महत्या केलेली आहे, आणि बेरीमन लहान असताना, १९२६ मध्ये, त्याच्या वडिलांनीही केली होती.

कवी खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. आपल्या वडिलांबद्दल 'मी' म्हणून एक ओळही लिहिता येऊ नये, आणि 'हेन्री' म्हटल्यावर ३८५ गाणी लिहून व्हावीत, असं होऊ शकतं. मुखवटा लपायला लागतो हे खरंच, पण काहींना तो बोलायलाही लागतो.

११. स्वतःबद्दल गप्प राहणारे कवी यात येतात का?

लेबलाखाली येत नाहीत, पण त्यांना वगळून हा विषय कळत नाही. लॉवेलची जवळची मैत्रीण एलिझाबेथ बिशप हिला हा उघडेपणा मानवत नसे. 'स्कंक आवर' तिलाच अर्पण केलेली आहे. तिची 'वन आर्ट' (१९७६) हरवण्याबद्दल आहे : आधी किल्ल्या, मग फुकट गेलेला तास, आईचं घड्याळ, घरं, शहरं, आणि शेवटी 'तू'. कवितेचे पंधराहून अधिक खर्डे शिल्लक आहेत. पहिला खर्डा मोकळा, गद्याच्या जवळचा आहे, आणि हरवलेल्या माणसाचे तपशील त्यात जास्त आहेत. खर्ड्यागणिक ते गळत गेले. उरला एक थट्टेखोर आवाज आणि एक लकब. शेवटच्या ओळीत कंसात ती स्वतःला हुकूम सोडते, लिही. त्या कंसातच तिची सगळी कबुली आहे.

१२. मराठीत अशी कविता आहे का?

चळवळ म्हणून नाही. पण तुकोबांचा 'याती शूद्र' हा अभंग काढून बघा. 'नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं' : बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आणि मग ती ओळ, 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. पैसा, अब्रू, बायको, एका दमात. पाठोपाठ 'लज्जा वाटे जीवा'. दुसऱ्या प्रश्नात म्हटलेली लाज आणि ऐकणारा, दोन्ही इथे आहेत, समीक्षकांनी नाव ठेवण्याच्या तीनशे वर्षं आधी. संत बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंगही याच्या शेजारी ठेवून वाचावेत.

इंदिरा संतांबद्दल हमखास विचारलं जातं. १९४० मध्ये पती ना. मा. संत यांच्यासोबत 'सहवास' हा संग्रह, १९४६ मध्ये पतीचं निधन, १९५१ मध्ये 'शेला'. तो वियोग कवितेत सगळीकडे आहे, पण इंदिराबाई तारीख, नाव, प्रसंग देत नाहीत. पाऊस आणि संध्याकाळ देतात. पहिल्या उत्तरातली व्याख्या लावली तर ही कविता कन्फेशनल नाही. वैयक्तिक मात्र पुरेपूर आहे.

१३. कवितेत घरची माणसं येतात. त्यांची परवानगी घ्यावी का?

इथे माझं मत ठाम आहे, तरी उदाहरणं आधी सांगते.

लॉवेलने १९७३ च्या 'द डॉल्फिन'मध्ये आधीची बायको एलिझाबेथ हार्डविक हिची खाजगी पत्रं वापरली, शब्द बदलून, तिच्याच तोंडी घालून. हस्तलिखित वाचून बिशपने १९७२ मध्ये त्याला कळवळून लिहिलं की कलेची किंमत एवढी नसते. तिचा आक्षेप दुहेरी होता : पत्रं विश्वासाने लिहिलेली, आणि वर ती बदललेली, म्हणजे खरं कुठलं हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. लॉवेलने थोडे फेरफार केले आणि पुस्तक छापलं. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. हार्डविकला व्हायचं ते दुःख झालंच.

अमेरिकन कवयित्री शॅरन ओल्ड्सने दुसरी वाट धरली. तिचा तीसेक वर्षांचा संसार १९९७ मध्ये संपला. त्यावरच्या कविता तिने तेव्हाच लिहिल्या, पण मुलांना थांबण्याचा शब्द दिला होता. त्या कवितांचं पुस्तक 'स्टॅग्ज लीप' आलं २०१२ मध्ये.

लिहायला परवानगी लागत नाही. छापायला, निदान दुसऱ्याचे शब्द छापायला, लागते असं मी मानते. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणावर मी एक कविता लिहिली होती. त्यात ते पाणी मागतात आणि मी झोपलेली असते. छापून आल्यावर धाकट्या बहिणीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "ताई, त्या रात्री मी होते तिथे." मी 'मी' लिहिलं होतं, कारण कवितेला अपराधी एकच हवी होती. माझ्या दृष्टीने तो पाचव्या उत्तरातला आठ आणि दहाचा फरक होता. तिच्या दृष्टीने तिची जागरणाची रात्र कुणीतरी उचलून नेली होती. कविता मी मागे घेतली नाही. पण आता छापण्याआधी ज्याची रात्र आहे त्याला वाचून दाखवते.

१४. कवी गेल्यावर त्याच्या खाजगी गोष्टींवर हक्क कुणाचा?

कायद्याने वारसाचा, पण त्याने सगळं सुटत नाही. सेक्स्टनचं चरित्र १९९१ मध्ये आलं, तेव्हा तिच्या मानसोपचारांच्या शेकडो तासांच्या ध्वनिफिती लेखिकेला मिळाल्या होत्या. डॉक्टरांनी दिल्या, मुलीने संमती दिली, आणि मोठा वाद झाला. डॉक्टरांच्या खोलीत बोलणं आणि कवितेत बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कवितेत काय सांगायचं ते सेक्स्टनने स्वतः निवडलं होतं. फितींबाबत तिला कुणी विचारू शकत नव्हतं.

१५. नवरा-बायको दोघेही कवी, आणि दोघांनी एकच संसार लिहिला. खरं कुणाचं मानायचं?

प्लाथ आणि टेड ह्यूज. दोघांचीही 'द रॅबिट कॅचर' नावाची कविता आहे. तिची १९६२ ची, त्याची १९९८ मधल्या 'बर्थडे लेटर्स'मधली, म्हणजे छत्तीस वर्षांनंतरची. दोन्हींत समुद्राकाठची तीच वाट आणि सशांसाठी लावलेले तेच तारेचे फास.

तिच्या कवितेत फास म्हणजे शून्यं, कशावरच न आवळणारी. मग चहाच्या मगाभोवती वेढलेले कुणाचे तरी बोथट हात दिसतात आणि शेवटी ती म्हणते की आमच्यातही असंच नातं होतं, ताणलेल्या तारांचं. त्याच्या कवितेत ती फास उपटून उपटून फेकते आहे, आणि त्याला दिसतात ते फास लावणारे गरीब लोक, रविवारच्या रश्श्यासाठी चार पैसे वाचवणारे. तिचा राग त्याला कळत नाही, असं तो स्वतःच लिहितो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लाथने 'एरियल'चा क्रम स्वतः लावून ठेवला होता, त्यात ही कविता होती. १९६५ मध्ये ह्यूजने पुस्तक संपादित करून छापलं, तेव्हा ती गाळली. तिच्या क्रमाचं 'एरियल' वाचकांच्या हाती पडलं २००४ मध्ये. तोवर ह्यूजही गेलेला होता. आता दोन्ही कविता समोरासमोर ठेवून वाचता येतात. कुणाची आधी वाचायची असं विचाराल, तर मी तिची वाचते. ती आधी लिहिलेली आहे, आणि बराच काळ बाहेर ठेवलेली.